कटावणी घेतलेला भौतिकशास्त्रज्ञ

घरच्या संगणकावर एकट्यानं खेळता येईल असा एखादा शूटर गेम घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. स्टीम या ऑनलाइन दुकानात ‘शूटर’ असा शब्द टाकला आणि यादी संपेचना. नावांखाली आणखी शब्दांची रांग होती: टॅक्टिकल, लूटर, एक्स्ट्रॅक्शन, रोगलाइट, बूमर शूटर. प्रत्येक गेमच्या पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेले’ असे दोन तक्ते, आणि त्यांत प्रोसेसरचे नि ग्राफिक्स कार्डांचे क्रमांक. मी कराडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तक्ते वाचणं माझं रोजचं काम आहे. पण या तक्त्यांत एककच नव्हतं. जीटीएक्स १६५० मोठं की आरएक्स ५८०, हे आकड्यांवरून कळत नाही. दोन कंपन्यांनी आपापल्या कार्डांना आपापल्या पद्धतीनं नंबर दिलेत, आणि या जोडीत लहान आकड्याचं कार्डच जास्त ताकदीचं असतं. ‘एफपीएस’ ही अक्षरं एका ओळीत खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या शूटरसाठी येत, तर पुढच्याच ओळीत सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या मोजमापासाठी. त्या संध्याकाळी काहीही न घेता मी संगणक बंद केला.

या वाटेला मी कशी आले, ते सांगते. नववीच्या वर्गात गतीचे नियम शिकवत होते. बीजीएमआय हा मोबाइलवरचा शूटर गेम खेळणाऱ्या एका मुलानं हात वर केला. “मॅडम, बीजीएमआयमध्ये लांबच्या माणसावर नेम धरताना थोडं वर धरावं लागतं. दुसऱ्या एका गेममध्ये सरळ धरलं तरी लागतं. असं का?” प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर फळ्यावर लगेच देता आलं. रायफलची गोळी सेकंदाला नऊशे मीटर जाते असं धरलं, तर तीनशे मीटरवर पोचायला तिला एक तृतीयांश सेकंद लागतो. हवेचा विरोध सोडून दिला, तरी तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणामुळे अर्ध्या मीटरहून थोडी जास्तच खाली येते. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. गेममध्ये गुरुत्वाकर्षण आपोआप नसतं. ते कोणीतरी ठरवून घालावं लागतं, आणि कोणी घातलं नाही तर ते नसतंच, हे त्या क्षणापर्यंत माझ्या मनात आलंच नव्हतं.

घरी येऊन वाचलं. गोळी दाखवायच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिलीत गोळी नावाची वस्तूच नसते. आपण बटण दाबलं की संगणक बंदुकीपासून नेमाच्या दिशेनं एक सरळ रेषा काढतो, ती पहिल्यांदा कशाला छेदते ते बघतो आणि तिथं जखम नोंदवतो. याला हिटस्कॅन म्हणतात. दुसऱ्या रीतीत गोळी ही खरोखर फिरणारी वस्तू असते. तिला वेग असतो, कधी वजनही असतं, आणि प्रत्येक चित्रागणिक ती पुढं सरकवावी लागते. सेकंदाला साठ चित्रं धरली तर नऊशे मीटर वेगाची गोळी एका चित्रातून पुढच्या चित्रात जाताना पंधरा मीटर उडी मारते. मधली भिंत पातळ असेल आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं मधला मार्ग तपासला नसेल, तर ती भिंतीला न शिवता पलीकडे निघून जाईल. हे वाचल्यावर मला झोप लागेना. १९९३ सालच्या ‘डूम’मध्येही दोन्ही रीती आहेत: सैनिकाची गोळी लगेच लागते, राक्षसानं फेकलेला आगीचा गोळा मात्र येताना दिसतो आणि बाजूला होऊन चुकवता येतो. तीस वर्षं लोक हे खेळतायत, आणि मी गतिशास्त्र शिकवत असूनही ते कधी हातानं अनुभवलं नव्हतं.

बीजीएमआयच का नाही, असं मुलांनी विचारलं असतं. त्यात समोर खरी माणसं असतात, आणि ती थांबत नाहीत. भाजी फोडणीला टाकायची असेल, दारात कोणी आलं असेल, तर मला खेळ थांबवता आला पाहिजे. शिवाय मला शेवट असलेली गोष्ट हवी होती. रोज नव्यानं सुरू होणारा सामना नको होता. म्हणून सिंगल प्लेयर.

पहिली अडचण यंत्राची. माझा संगणक भाच्याचा जुना. त्यानं २०१८ मध्ये पुण्यात असेंबल करून घेतलेला: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम. मला वाटायचं, ‘आय-फाइव्ह’ म्हटलं की पुरे. फोनवर त्यानं विचारलं, “मावशी, त्यात कार्ड नाहीये, माहितीय ना तुला? मी माझं काढून घेतलं होतं.” मग त्यानंच सांगितलं तसं विंडोजचं बटण आणि आर दाबून डीएक्सडायग लिहिलं, डिस्प्लेच्या पानावर गेले. तिथं इंटेल यूएचडी ६३० असं होतं. म्हणजे चित्र काढायचं कामही प्रोसेसरमध्येच बसवलेला छोटा भाग करतो, आणि त्याला स्वतःची मेमरी नसल्यानं तो त्या आठ जीबी रॅममधूनच वाटा घेतो. दुकानाच्या पानावर ‘आठ जीबी व्हीरॅम’ असं लिहिलेलं असतं ते वेगळं, कार्डावरचं. माझ्या आठ जीबीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे कळलं आणि यादी एका झटक्यात लहान झाली. २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ मला फार बघायचा होता. पण त्याला प्रकाशाचे किरण प्रत्यक्ष मोजू शकणारं कार्ड लागतंच, रे ट्रेसिंगचं, तेही आठ जीबी स्वतःची मेमरी असलेलं. सेटिंग कमी करून भागत नाही. २०२० चा ‘डूम इटर्नल’ ऐंशी जीबी जागा मागतो. माझ्या हार्ड डिस्कवर शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो आणि निकालाच्या फायली धरून तेवढी जागा उरलेलीच नव्हती, आणि मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर ते उतरवायचं म्हणजे महिन्याहून जास्त गेला असता.

गावातल्या संगणकाच्या दुकानात विचारलं. तिथल्या मुलानं कॅबिनेटचं झाकण काढून आत बघितलं आणि आधी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आहे ते वाचलं. मला ते आवडलं. आधी वीज किती मिळते ते बघायचं, मग काय जोडायचं ते ठरवायचं. पंचाहत्तर वॅटपर्यंतचं कार्ड मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेऊ शकतं. त्याहून मोठ्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, आणि माझ्या एसएमपीएसला ती नव्हती. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेलं बसतील, असं तो म्हणाला. मी कार्ड घेतलं नाही. जो खेळ आपल्याला झेपेल की नाही तेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी हजारो रुपयांचं कार्ड आधी घेणं मला पटेना. आहे त्या यंत्रावर चालणारा चांगला गेम शोधायचा, असं ठरवलं. आणि ज्यानं काहीच खेळलेलं नाही त्याच्यासाठी वीस वर्षांपूर्वीचा गेमही नवाच असतो, हे लक्षात आल्यावर खूप हायसं वाटलं.

भाच्याशी त्या दिवसांत बरंच बोलणं झालं. तो कॉलेजात असताना कराडच्या सायबर कॅफेत ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळायचा. २००० च्या डिसेंबरात आलेला, नॉर्वेतल्या इनरलूप या छोट्या स्टुडिओचा हा गेम आपल्याकडे घराघरांत गेला. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा हेर शत्रूच्या तळात शिरतो. भाच्याला अजूनही त्यातले नकाशे तोंडपाठ आहेत. “तोच घे की, कसल्याही मशीनवर पळेल,” तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “नको. त्यात मधेच सेव्ह करता येत नाही.” एक मोहीम सुरू केली की ती संपेपर्यंत मधे थांबा नाही. मेलं की पहिल्यापासून. आमच्याकडे पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी मोठा होता. मी वहीत लिहून ठेवलं: हवं तिथं सेव्ह करता आलं पाहिजे. ही अट लावली तर किती गेम गळतात! २०१६ चा ‘डूम’, मॉस्कोच्या भुयारी रेल्वेतला ‘मेट्रो २०३३’, दोन्ही आपले आपणच ठरावीक ठिकाणी सेव्ह करतात. आपल्या मर्जीनं नाही.

‘मेट्रो’वरून मन निघत नव्हतं, हे सांगायला हवं. दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाच्या कादंबरीवर युक्रेनच्या फोर-ए गेम्सनं २०१० मध्ये तो केला. अणुयुद्धानंतर उरलेली माणसं मेट्रोच्या स्थानकांत राहतात, प्रत्येक स्थानक म्हणजे एक छोटं राज्य. युद्धाआधीच्या चांगल्या कारखान्यांत बनलेल्या गोळ्या हेच तिथलं चलन. म्हणजे संकटात चांगली गोळी झाडली तर आपण पैसे झाडतोय. गॅस मास्कची गाळणी किती वेळ टिकेल तेही बघत राहायचं. अशा कल्पनेपुढे मी कितीही वेळ बसेन. पण तो अंधार आणि ती भीती पहिल्याच गेमला नको वाटली.

त्याहून जास्त ओढ लागली ती ‘स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल’ची. कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डचा, २००७ चा. किरणोत्सर्ग शिकवताना मी दरवर्षी २६ एप्रिल १९८६ ची तारीख फळ्यावर लिहिते. त्या दुर्घटनेनंतर माणसांनी सोडून दिलेल्या परिसरात हा खेळ घडतो, फक्त त्यात आणखी एक काल्पनिक आपत्ती घातलेली आहे: हवेत न दिसणारे सापळे असतात, जिथं भौतिकशास्त्राचे नियम बिघडलेत. ते ओळखायचे कसे? खिशातला बोल्ट पुढे फेकायचा आणि त्याचं काय होतं ते बघायचं. प्रयोग करायचा, निरीक्षण करायचं, मग पाऊल टाकायचं! मुळात ही कल्पना स्त्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ च्या कादंबरीतली. यापेक्षा जास्त माझ्यासाठी केलेला गेम कुठला असेल? पण भाचा ठाम होता. तो गेम नवख्याला काहीच सांगत नाही, दया दाखवत नाही. मी तिथं माऊस धरायलाच शिकत असताना मरत राहिले असते आणि खेळणं सोडून दिलं असतं.

इथं मला निवडीचा खरा निकष सापडला. तो दुकानाच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. ज्यानं कधी शूटर खेळलेला नाही त्यानं गेम शिकवतो कसा ते बघावं. बंदुका किती, चित्र किती खरं, हे त्यानंतर. शिकवणं मला ओळखता येतं. म्हणून मी लोकांनी खेळतानाचे, न बोलता रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघायला सुरुवात केली, आणि प्रत्येक गेमचा फक्त पहिला अर्धा तास बघितला. बहुतेक ठिकाणी पडद्यावर पाटी येते: हे बटण दाबा, आता वाका, आता गोळी घाला. पाठ्यपुस्तकातल्या चौकटीच त्या. एका जुन्या गेममध्ये मात्र पाटीवर फारसं काही अवलंबून नव्हतं आणि तरीही मी बघता बघता शिकत होते. तो होता व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’. १६ नोव्हेंबर २००४ चा.

त्याच्या पानावर किमान रॅम ५१२ एमबी. म्हणजे माझ्या संगणकात त्याच्या सोळापट होती. हवं तिथं एफ-सहा दाबलं की सेव्ह, एफ-नऊ दाबलं की परत तिथंच. २०२४ च्या नोव्हेंबरात वीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं तो नव्यानं नीट करून दिला, पुढचे दोन भाग त्यातच जोडले आणि बनवणाऱ्यांचं निवेदनही घातलं. शिवाय स्टीमचा नियम आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेलं असेल तर गेम परत करता येतो, पैसे परत मिळतात. यूपीआयनं पैसे भरले. आणि तो उतरवून घेतला.

पहिले दोन तास फार कठीण गेले. डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर, उजवा हात माऊसवर. कळांनी पाय चालतात, माऊसनं मान वळते. खऱ्या आयुष्यात आपण जातो तिकडेच बहुधा बघतो, त्यामुळे पाय आणि मान वेगळे आहेत हे शरीराला मान्यच होईना. मी छताकडे बघत भिंतीत चालत होते. आणि मग मळमळायला लागलं. डोळे मेंदूला सांगतात आपण पळतोय, आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय. या भांडणातून ती मळमळ येते. एसटीत मोबाइल वाचताना होतं त्याचं हे उलटं रूप. भाच्यानं एक सेटिंग सांगितलं: फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यातून किती अंशांचं दृश्य दिसतं ते. या गेममध्ये ते मुळात ७५ अंश असतं. मी ९० केलं. मोशन ब्लर बंद केलं. खोलीतला दिवा लावला, खुर्ची थोडी मागं घेतली, माऊसचा वेग कमी केला. पुष्कळ फरक पडला. पुढे होडीचा लांबलचक भाग आहे, तिथं परत त्रास झाला, तेव्हा थोडं खेळून उठायचं असा नियम केला. दुकानाच्या पानावर रॅम लिहितात तशी ही गोष्टही लिहायला हवी. आमच्या वयाच्या बायका पहिल्या दहा मिनिटांत गरगरून उठतात आणि हे आपलं काम नव्हे असं धरून चालतात. खरं तर एका सेटिंगचा प्रश्न असतो.

गेमचा नायक गॉर्डन फ्रीमन. शिक्षण एमआयटीतून, भौतिकशास्त्रात पीएच.डी. चष्मा, दाढी, आणि तो कधीच बोलत नाही. एका आगगाडीतून तो सिटी १७ नावाच्या शहरात उतरतो. पृथ्वी परग्रहाच्या सत्तेखाली गेलीय. स्थानकात मोठ्या पडद्यावर एक प्रशासक सगळ्यांचं गोड शब्दांत स्वागत करतोय, खाली मुखवटे घातलेले पोलीस माणसांना ढकलतायत. शहराची रचना व्हिक्टर अँतोनोव्ह यांची. त्यांचा जन्म बल्गेरियातल्या सोफियाचा, आणि पूर्व युरोपातल्या इमारतींचे जुने दगड, ट्रामचे रूळ, उडालेले रंग त्या शहरात आहेत. त्यावर मधोमध परक्या सत्तेचा आभाळात घुसलेला काळा मनोरा. मी कितीतरी वेळ फक्त चालत आणि बघत राहिले. हातात बंदूक नव्हतीच. ती बऱ्याच उशिरा मिळते.

स्थानकातच एक पोलीस रस्ता अडवतो. तो शीतपेयाचा डबा काठीनं खाली पाडतो आणि सांगतो, उचल, कचऱ्यात टाक. एवढंच. मी डबा उचलला आणि टोपलीत टाकला. तो हसला आणि बाजूला झाला. नंतर कळलं की डबा त्याच्या अंगावरही फेकता येतो, मग तो काठी घेऊन मागं लागतो. या एका प्रसंगात खेळणाऱ्याला वस्तू उचलणं आणि फेकणं शिकवलं, या शहरातली सत्ता कशी आहे ते सांगितलं, आणि तिला नमायचं की नाही हा प्रश्नही आपल्यापुढे ठेवला. मी असा धडा बेतू शकले तर स्वतःला धन्य समजेन.

पुढे एका प्रयोगशाळेत एक छोटं यंत्र आहे, त्यात निवडुंगाची कुंडी एका तबकावरून दुसऱ्या तबकावर उमटते. गोष्टीशी त्याचा फार संबंध नाही, पण मी ते पुन्हा पुन्हा दाबलं. त्यानंतर जुना मित्र आपल्याकडे एक कटावणी टाकतो. भौतिकशास्त्रज्ञाच्या हातात पहिलं साधन म्हणून तरफ! आणि थोड्याच वेळात कालव्याच्या भागात खरीच तरफ येते. मधे टेकू असलेली लांब फळी, तिच्यावरून वर चढायचंय, पण आपण गेलो की ती आपल्या वजनानं खाली जाते. शेजारी सिमेंटचे ठोकळे पडलेले. पडद्यावर कसलीही सूचना नाही. मी एकेक ठोकळा उचलून दुसऱ्या टोकावर ठेवत गेले. फळी हळूहळू कलली, थांबली, आणि मी चढून गेले. सातवी-आठवीच्या मुलांना मी बल गुणिले बलभुजा लिहून देते. इथं ते पायाखाली जाणवलं. आणखी पुढे पाण्याखाली रिकामी पिंपं ढकलून एक उतरण वर उचलायची असते. तो आर्किमिडीज. या सगळ्यामागे आयर्लंडमधल्या हॅवॉक कंपनीचं गणित आहे, व्हॉल्व्हनं आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेलं. ठोकळ्याला वजन आहे, पिंप तरंगतं, आणि ते फक्त त्या एका कोड्यापुरतं नाही, सगळ्या शहरात आहे.

गुरुत्व बंदूक मिळते तेव्हाचा धडा तर फारच सुंदर बेतलेला आहे. वस्तू दुरून ओढून धरायच्या आणि जोरानं भिरकावायच्या, असं ते साधन. ते दिल्यावर लगेच लढाई नाही. अंगणात एक मोठा यंत्रमानव आपल्याशी चेंडू झेलण्याचा खेळ खेळतो. त्याला डॉग म्हणतात. इथं कोणी मरत नाही, चुकलं तरी काही होत नाही, हात बसतो. मग रेव्हनहोम नावाचं ओसाड गाव. सुरुवातीलाच करवतीच्या गोल पात्यानं अर्धा झालेला एक देह दिसतो. पुढे दारात तसंच पातं रुतलेलं, ते ओढून काढल्याशिवाय आत जाता येत नाही. ओढलं, हातात पातं, आणि समोरून मेलेला माणूस चालत येतो. काय करायचं ते तोवर आपल्याला कळलेलं असतं. मी किंचाळले आणि बरोबर तेच केलं. आधी दाखवायचं, मग साधन हातात द्यायचं, मग प्रश्न विचारायचा. डी.एड.च्या पुस्तकात पाठनियोजनाच्या पायऱ्या असतात, त्या मी इतक्या चोख पाळलेल्या क्वचितच पाहिल्या आहेत.

रेव्हनहोम मी दिवसा उजेडी खेळले. भीती खरी होती. मारामारीचं काय, असं मला स्टाफरूममध्ये विचारलं गेलं आणि ते विचारणं योग्यच आहे. अमेरिकेतल्या ईएसआरबीनं या गेमला सतरा वर्षांवरील असं मानांकन दिलंय आणि ते मला मान्य आहे. माझ्या नववीच्या मुलांना मी त्याचं नावही सांगितलेलं नाही. मला स्वतःला एवढं सांगता येतं की माणसाच्या आकाराच्या शत्रूवर पहिल्यांदा गोळी झाडताना हात थबकला, आणि तो थबकला याचं मला बरं वाटलं. ज्या गेममध्ये गोळी झाडण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही, असे गेम मी याच कारणानं यादीतून काढले. या गेममध्ये वाट काढता येते, वस्तू हलवता येतात, विचार करायला जागा आहे. एकदा तर मी एका पहारेकऱ्याला टाळून मागच्या बाजूनं निघून गेले.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हायवेच्या भागात मिळालं. तोवरची पिस्तूल आणि बंदुका सरळ रेषेच्या, हिटस्कॅनच्या. नेम धरला, लागला. तिथं एक धनुष्यासारखं हत्यार मिळतं, त्यातून तापून लाल झालेली लोखंडी सळई सुटते. दुर्बिणीतून लांबच्या खांबावर नेम धरला आणि सोडली. सळई उडताना दिसली, पोचायला क्षण लागला, आणि नेमाच्या थोडी खाली रुतली. मग मी वेगवेगळ्या अंतरांवरच्या भिंतींवर सळया मारून बघत बसले. शत्रू आला की एफ-नऊ दाबून परत मागं. त्या गेममधलं गुरुत्व सळईवर पूर्ण लागू होत नाही, पृथ्वीवर इतक्या वेळात ती याहून जास्त खाली आली असती, हे मी वहीत गणित मांडून पाहिलं. सोमवारी वर्गात दोन आलेख काढले, एक सरळ रेषेचा आणि एक खाली वळणारा. आणि तुमच्या गेमचा आलेख कुठला ते तुम्हीच मोजून आणा, असं सांगितलं. त्यांनी खरोखर मोजून आणलं. अंतराचे आकडे, किती वर नेम धरावा लागला त्याचे आकडे, नीट तक्ता करून, एककं लिहून.

गेम अजून संपलेला नाही, शेवटची प्रकरणं उरलीत. ती झाली की निवेदन चालू करून सगळं पहिल्यापासून परत खेळायचं आहे, बनवणाऱ्यांच्या तोंडून. दरम्यान पुढच्याची निवड सुरू झालीय आणि आता त्या पानांवरचे तक्ते मला वाचता येतात. भाचा २०१६ चा ‘डूम’ घे म्हणतो, त्यासाठी कार्ड लागेल. मला तो एकदा खेळायचाय, कारण तो मागं लपणाऱ्याला हरवतो आणि पुढं धावणाऱ्याला औषध देतो, आणि अशी उलटी शिकवण कशी देतात ते मला बघायचंय. पण आधी २००७ चा ‘स्टॉकर’. माझ्या यंत्रावर तो चालेल, हवं तिथं सेव्ह होतो, आणि आता माझी मान आणि पाय वेगवेगळे चालतात. विशलिस्टमध्ये टाकून ठेवलाय, सेल लागला की घेणार. भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “मावशी, बोल्ट संपत नाहीत त्यात. कितीही फेक.”